मामाने घासलेल्या सळ्या

४ मार्च
ती. मामा,
नमस्कार. तब्येत ठीक. परवा तू मला भेटायला कारखान्यात आलास, मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात गार भट्टीतल्या सळ्या घासल्यास ना? पॉलिश कागद तुझ्या खिशातच असतो म्हणा!

मामा, ती काजळी नव्हती रे. आम्ही इथे खोटे दात भाजतो, त्या भट्टीला या सळ्याच तापवतात. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या आहेत. नाव म्हणेपर्यंत भट्टी गार होईल! लोखंड वितळेल अशा आचेतही टिकतात, कारण तापल्या की अंगावर काचेचा पातळ थर धरतात. तोच तू काढलास. गार असताना खडूसारख्या मोडतात, त्या मोडल्या नाहीत हे नशीब.

मालकीणबाई मलाच ओरडल्या. मला कामावर ठेवायचं की नाही ते शनिवारी सांगणारेत. तुझं नाव तोंडातून निघतच नाही. काय करू?
माया असू दे.
तुझी घुमी

७ मार्च
चि. घुमे,
आशीर्वाद. जन्मभर लोकांची भांडी घासली, असं रडकं पत्र कुणाचं आलं नाही! मामी हसून हसून खाटेवरून पडायची राहिली. म्हणते, यांच्या हातात चंद्र दिला तर त्याचेही डाग घासतील.

शाळेतही दुसऱ्याच्या खोडीपायी तूच बाकावर उभी राहायचीस. आता पुरे. बाईंना सरळ सांग, मामा आगाऊ आहे. नाहीतर मी येतो, पण आलो की आणखी काहीतरी घासेन.
तुझाच, शरमलेला मामा

११ मार्च
ती. मामा,
नमस्कार. सांगितलं! आवाज इतका बारीक निघाला की बाई सारख्या विचारत राहिल्या, काय म्हणतेस? शेवटी ओरडलेच, माझ्या मामाने घासल्या म्हणून. सगळा कारखाना थांबला. बाईंनी चष्मा काढून हसून हसून डोळे पुसले.

मग रिकामी भट्टी भराभर तापवली. मधल्या आचेवर रेंगाळली तर सळ्यांची पिवळी भुकटी होते म्हणे. आतून तापून पार पांढरी होईपर्यंत नेली आणि तशीच ठेवली. गार झाल्यावर बघते तर काच परत आलेली! बाई म्हणाल्या, विमानाच्या इंजिनातही हा पदार्थ चालेल का, यावर लोक खटपट करतायत.

मला ठेवलंय. अट एकच, काही झालं की त्याच दिवशी आणि मोठ्यांदा सांगायचं. तुलाही अट आहे. खुशाल ये, पण हात मागे बांधून.
मामीला नमस्कार. लोभ कमी करू नकोस.
तुझी घुमी, आता जरा कमी घुमी