अर्ध्या किलोचं पाकीट

गोरेगाव (जि. गोंदिया),
बुधवार

प्रिय रचना,
सप्रेम जय भीम.

आई फोन सोडून पत्र लिहायला बसली म्हणून हसू नकोस. फोनवर तू "सगळं बरं आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. रविवारी तुझ्याकडून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल बाजाराला गेले आणि पिशव्या रिकाम्याच घेऊन परत आले.

तुला माहीतच आहे, आमच्या बचत गटाला सध्या कचऱ्याने झपाटलं आहे. खरेदीला निघताना प्रत्येकीच्या हातात कापडी पिशव्या आणि तेलाचा डबा. किराणेवाला कैलाश मला लांबून पाहूनच ओरडतो, "आल्या काकू, प्लास्टिकच्या पन्न्या लपवा रे!" सुटी डाळ, सुटं तिखट, आणि लागेल तेवढंच. त्यात तू सांगितलंस की तुझी कचऱ्याची बादली आता आठवड्यातून एकदाच भरते. मी गटात छाती फुगवून सांगितलं, शिका माझ्या लेकीकडून! यंदा तर तू, बाबा दरवर्षी पोचवतात ती तांदळाची भरली चुंगडीही नको म्हणालीस, घरात बराच आहे म्हणून. किती शहाणी झाली पोर, असं वाटलं मला.

त्या कौतुकातच न कळवता आले. संघदीप ट्रेनिंगला नागपूरला गेलाय म्हणालीस, चहा दिलास आणि आंघोळीला गेलीस. माझी खोड काही जात नाही. मी तुझी बादली ओला-सुका निवडायला घेतली.

आधी चढला तो रागच. तांदळाचं अर्ध्या किलोचं पाकीट! गोंदियासारख्या धानाच्या मुलखात, धान पिकवणाऱ्याची लेक तांदूळ पाकिटात विकत घेते! खाली डाळीचं तसलंच इवलंसं पाकीट, शॅम्पूच्या पुड्या, एका वेळच्या नूडल्सची रिकामी पाकिटं. एवढं महाग घ्यायचं आणि वर हे प्लास्टिक घरात आणायचं! तू बाहेर आलीस की चांगली झापायची, असं ठरवूनच मी उरलेलं उपसलं.

आणि हात थांबला. संघदीपच्या त्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी कुठे आहे? ज्या पन्न्यांवरून लग्नापासून मी जावयाशी भांडते, ज्या खिडकीत, कुंडीत, उशीखाली सापडायच्या, त्यातली एकही नाही. तळाशीसुद्धा नाही. त्या सगळ्या कचऱ्यात एकाच माणसाचं जेवण होतं गं. उठून पाहिलं तर दाराशी त्याची चप्पल नाही, दोरीवर शर्ट नाही, कपाटातला त्याचा खण रिकामा. ट्रेनिंगला जाताना कोणी हिवाळ्याचं स्वेटर आणि लग्नातला कोट नेत नाही. चुंगडी पोचवायला बाबा येतील आणि पाहतील, म्हणून नको म्हणालीस ना? आणि मी बावळट, घरातून माणूस गेलं होतं आणि कचरा कमी झाला म्हणून टाळ्या घेत होते. तू बाहेर आलीस, हसून वाढलंस, आणि मी काही न विचारता जेवून निघाले.

घरी येऊन तुझ्या बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "पोरगी एकटी राहून राहिली, अन् आपल्याले कायले नाही सांगतलं? आपन का मेलो होतो?" नंतर डोळ्यांतलं पाणी मला दिसू नये म्हणून ते गोठ्यात गेले.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. काय झालं, कोणाचं चुकलं, तो कधी गेला, मी काही विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं ते माझ्यावर सोड. इकडे यायचं असेल तर घर तुझंच आहे. नोकरी सोडायची नसेल तर मी तिकडे राहीन, बाबा म्हणतात ते हाताने रांधून घेतील. रविवारी पुन्हा येते आहे, या वेळी कपडे घेऊन. तोवर ती पाकिटं आणू नकोस, आता दोघींच्या मापाचा बाजार कर.

तुझीच,
आई