लोणी पाण्यावर तरंगतं

डब्लिन, रविवार

ती. आईस,

किशोरीचा नमस्कार. थंडी बेताची आहे, जेवण वेळेवर होतं, आणि तुझा जावई अजून तितकाच हुशार आहे.

काल त्याचे साहेब बायकोसह चहाला येणार होते, म्हणून मी नानकटाई करायला घेतली. इंटरनेटवरच्या अमेरिकन कृतीत लोणी ग्रॅममध्ये नाही, ‘एक कप’. लोण्याचा थंडगार दगड कपात कसा कोंबायचा, ते लिहिणारीलाच ठाऊक! मग कौस्तुभ उठला. स्वतःच्या भल्यामोठ्या चहाच्या मगातलं पाणी त्याने काट्यावर तोललं आणि म्हणाला, "साडेतीनशे ग्रॅम. तेवढंच लोणी घे."

मी म्हटलं, कृतीतला कप लहान असतो, आणि लोणी पाण्याहून हलकं. तो हसला. "हे तुमचं मालवणी विज्ञान!" पाहुणे यायची वेळ झाली होती, म्हणून ऐकलं.

ट्रेभर एकच तुपकट पापडी झाली. वर साहेबांसमोर म्हणतो, "हिला मापातलं काही कळत नाही."

मी वाडग्यात पाणी घेतलं, लोण्याचा गोळा त्यात सोडला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. तरंगला, तुझ्या ताकावर येतो तसा. एवढा इंजिनिअर, पण जन्मात ताक घुसळताना पाहिलेलं नाही! साहेबांची बायको खळखळून हसली.

तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. काळजी करू नको, घर अगदी शांत आहे.

गाय व्यायली का? बाबांना हे वाचून दाखवू नकोस. "जावई बरो आसा" एवढंच म्हणतील. आणि माझी खोली पर्यटकांना देणार म्हणालीस ना, ती एवढ्यात देऊ नको.

तुझी,
किशोरी