हातभर खोल

प्रिय ताई,

फोनवर तू "ऐक ना" म्हणतेस आणि मी ऐकत बसते. म्हणून लिहिते आहे. आधी घडलं तेवढंच, क्रमाने.

१. आपली सहल त्या गावी गेली. कारखान्याच्या हिशेब खात्यातली माणसं, तू, आणि तुझा मदतनीस आजारी पडला म्हणून मी.

२. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी आपण खारफुटीपलीकडचा किनारा साफ केला. चिखलात रोवलेल्या आणि वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या काठ्या उपटल्या.

३. सगळा कचरा, काठ्यांसकट, आपल्याच ट्रकने शहरात आणला.

४. पुढच्या आठवड्यात, ज्यांच्या घरी आपण उतरलो होतो त्या मावशी आणि त्यांची सून शिंपल्या काढायला गेल्या. परतताना धुकं उतरलं आणि वाट चुकली. मावशी दलदलीत कमरेपर्यंत रुतल्या. भरती आली.

५. मावशी गेल्या. सून वाचली.

६. गाव म्हणतं, सुनेने मारलं.

यात कुठे चूक असेल तर सांग, दुरुस्त करीन.

मला मोजपट्टी हे नाव तूच ठेवलंस. भाकरीचे तुकडेसुद्धा ही सारखे करून घेते, म्हणून. पुढे मी खरोखरच जमिनीच्या मोजणीत शिरले तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटलीस, बघा, मी आधीच ओळखलं होतं. तुझा तो अभिमान मला आवडायचा. तुझ्या सहलींचाही मला अभिमान होता, हे मी कधी बोलले नाही. लोकांना समुद्र दाखवायचा, पण गावाला धक्का न लावता. राहायचं गावकऱ्यांच्या घरात, जेवायचं त्यांच्याच हातचं, आणि निघताना किनारा आलो त्याहून स्वच्छ करून जायचं. बसमध्ये तू हे सांगत होतीस तेव्हा मागच्या बाकावरचे टायपिस्ट म्हणाले, "मॅडम, घरी बायको झाडू हातात देते तर कंबर धरते, आणि इथे पैसे भरून झाडायला आलोय." सगळे हसले. तू सर्वांत मोठ्याने.

मावशीही तसंच काहीतरी म्हणाल्या होत्या, आठवतं? "लांबून येऊन घाण उचलता, मग जरा आमच्या दीराच्या खोलीपासून सुरुवात करा की." त्या दिवशी त्या किनाऱ्याकडे फिरकल्या नाहीत, कारण चुलीपाशी आपलंच जेवण करत होत्या. सून पाणी भरत होती. पुरुष होड्या घेऊन गेले होते. त्यामुळे आपण काय उपटतो आहोत ते बघायला आणि थांबवायला तिथे गावातलं कुणीच नव्हतं.

काठ्यांचा विषय पहिल्यांदा सहलीतल्या दुर्बीणवाल्या काकांनी काढला. पिशव्या फडफडतात, म्हणून पक्षी चिखलावर उतरत नाहीत, म्हणाले. ते खरंही असेल. तू एकदा त्या रांगेकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "काढा सगळं. किनारा मुळात होता तसा दिसू दे." मग त्याचा खेळच झाला. एकेका काठीला दोघंदोघं. खात्याचे साहेब एका काठीला लोंबकळले आणि ती निसटली तसे चिखलात बसले, कुणीतरी ओरडलं, "साहेबांची अक्कलदाढ निघाली!" मी टायपिस्टांबरोबर एक काठी काढली. पुढे ढकल, मागे ओढ, पुन्हा पुढे. बाहेर आली तेव्हा वरचा भाग उन्हाने पांढरा पडलेला आणि खालचा हातभर काळाकुट्ट होता.

ताई, मी रोज खुंट्या ठोकते. कुठली खुंटी ठोकलेली आहे आणि कुठली नुसती टेकवलेली, ते उपटताना हाताला कळतं. ही ठोकलेली होती. ती रांग सरळ नव्हती, एका जागी मोठं वळण घेऊन जात होती, तेही मी पाहिलं. कचरा वळण घेत नाही. एवढं समोर असून मी पोतं उचललं आणि पुढे गेले.

ते वळण दलदल टाळण्यासाठी होतं. वरून सगळा चिखल सारखाच दिसतो. काठ्यांच्या आतल्या अंगाने चाललं की पायाखाली घट्ट लागतं. पिशव्या एवढ्यासाठी की धुक्यात पांढरं दिसावं, आणि दिसलं नाही तरी फडफड ऐकू यावी. मधले दिवस वारा होता, कुणी तिकडे गेलं नाही. त्या सकाळी शेजाऱ्याने दोघींना होडीतून पलीकडच्या वाळूवर सोडलं. परत यायचं होतं ते चालत. सून पुढे, मावशी मागे. रुतलेल्या मावशींचा हात सुनेने स्वतःच्या छातीपर्यंत पाणी येईतो धरून ठेवला होता. शेवटी मावशींनीच तो सोडवून घेतला.

मावशी गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेले तेव्हा तुझी पुढची तुकडी होती, म्हणून एकटी गेले. आपण उतरलो होतो त्याच खोलीत बसवलं. खिळ्याला आपल्यातल्या कुणाची तरी विसरलेली टोपी तशीच होती. भिंतीवर तुझी पाटी: आपण इथे पाहुणे आहोत. पाटीखाली बसून सुनेच्या चुलत सासूबाई मला समजावून सांगत होत्या. हंगामाच्या सुरुवातीला काठ्या ठोकायचं काम गावात आळीपाळीने येतं. यंदा पाळी या घराची होती आणि मावशींचा गुडघा धरलेला, म्हणून सुनेने ठोकल्या. "ठोकल्या कसल्या! टेकवून आली असेल. डोंगराकडची पोर, हिला चिखल काय माहीत? आली भरती, घेऊन गेली. अख्खी रांग गेली हो, एक काठी राहिली नाही." सुनेचा नवरा उंबऱ्यात बसून जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही.

सून चहा घेऊन आली. तिच्या हातून कुणी कप घेतला नाही. मी घेतला. नंतर कप ठेवायच्या निमित्ताने मी आत गेले. ती भांडी घासत होती, मागे वळून न बघता म्हणाली, "ठोकल्या होत्या हो मी. दगडाने ठोकल्या होत्या." मग म्हणाली, "निदान पहिल्या तरी. शेवटी शेवटी थंडी वाजत होती. शेवटच्या टेकवल्याही असतील. आता तसं आठवायला लागलंय मला."

मी काही बोलले नाही. तुला विचारल्याशिवाय कसं बोलायचं, ही जुनी सवय. कप विसळून पालथा घातला आणि निघाले.

बसस्टँडवरून तुला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणालीस, कशावरून? त्या आठवड्यात भरती मोठी होती, काही राहिल्या असतील त्या तिने नेल्या असतील. मी म्हटलं, राहिली एकही नव्हती, रांगेच्या टोकापर्यंत आपणच गेलो होतो. तेव्हा तू म्हणालीस, "सांगून मावशी परत येणार आहेत का? सात घरं चालतात त्या गावात या सहलींवर. उद्या कोण पाऊल टाकेल तिथे?" हे खोटं नाही. सात घरांचं मला उत्तर सापडलेलं नाही, तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पण सात घरं चालावीत म्हणून त्यांतल्याच एका घरातल्या बाईने खुनी व्हायचं, हे गणित कुणी मांडलं, ते मला कळत नाही.

परवा तू फलकाचा मजकूर तपासायला पाठवलास. जुन्या काठ्यांच्या जागी सिमेंटचे खांब, तुझ्या खर्चाने, मावशींच्या स्मरणार्थ. खांब घालच. ते लागतील. पण फलकावर "निसर्गाच्या कोपाला बळी पडलेल्या" असं लिहिलं आहेस. शुद्धलेखनाची चूक नाही. बाकी मी तो मजकूर तपासू शकत नाही.

तुला शेजाऱ्यांचा कुत्रा आठवतो? फाटक उघडं राहिलं आणि तो रस्त्यावर गाडीखाली गेला. मी शेवटची आत आले होते, म्हणून सगळे मला बोलले. आईसुद्धा. मी कडी लावली होती. पण दुसऱ्या दिवसापर्यंत मला आठवायला लागलं की लावली नाही. कडीचा गार स्पर्श होता तो विरत गेला आणि त्या जागी उघडं फाटक आलं, अगदी स्पष्ट. तेव्हा तू माझा हात धरून शेजाऱ्यांच्या दारात गेलीस आणि म्हणालीस, हिच्यानंतर मी बाहेर गेले होते, फाटक माझ्याकडून राहिलं. तू बारा वर्षांची होतीस. त्यांनी तुला काय काय ऐकवलं ते मला आठवत नाही. परत येताना कडीचा गारपणा माझ्या हाताला परत आला, ते आठवतं. त्या सुनेच्या हातातून दगड असाच निसटत चालला आहे. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो निसटताना पाहिला.

काल तिच्या शेजारणीशी फोनवर बोलले. रविवारी सुनेचा भाऊ तिला न्यायला येतो आहे, कायमचं. तिची मुलगी चार वर्षांची आहे. ती वडिलांकडेच राहील, असं मोठ्यांनी ठरवलं आहे. सुनेने हो म्हटलं. मीच मारलं, मग कुठल्या तोंडाने पोर मागू, म्हणाली. म्हणून मी शनिवारी सकाळच्या बसने जाते आहे. त्या खोलीत बसून, तिच्या नवऱ्यासमोर आणि चुलत सासूबाईंसमोर सांगणार आहे की काठ्या आम्ही काढल्या, एकेकीला दोन माणसं लागली, आणि प्रत्येक हातभर खोल होती. "काढा" कुणी सांगितलं, हे ते विचारतील. मी खोटं बोलणार नाही. पण तुझं नाव तुझ्या पाठीमागे घ्यायची मला सवय नाही आणि लावूनही घ्यायची नाही. हे पत्र परवानगीसाठी नाही, सोबतीसाठी आहे. माझ्या शेजारची जागा मी धरून ठेवली आहे. येतेस की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
मोजपट्टी