संगीताची लदेणी

नागपूर, ९ नोव्हेंबर २०२४

ती. बापूंस, संगीताचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोन मी नाही, तुम्ही ठेवला. याडी म्हणते, माझ्या पोटची असून बापावरच गेलीस, दोघं सारखेच हट्टी. म्हणून कागदावर लिहिते, कागद मध्येच कट होत नाही.

परदेशात जायचे रस्ते किती, असं तुम्ही विचारलं होतं. नर्सला सध्या तीन दिसतात. आखाती देशांत परीक्षा दिली की लवकर बोलावतात, पण करार संपला की परत. इंग्लंडची भरती मंदावली आहे. जर्मनीला सगळ्यात वेळ लागतो: आधी त्यांची भाषा, मग आपल्या पदवीची तपासणी, मग काही महिने तिथल्या दवाखान्यात हाताखाली काम, आणि त्यानंतर पूर्ण नर्स. पण पुढे कायम राहता येतं. लग्न झालेलं असेल तर नवराही येऊ शकतो आणि त्याला तिथे नोकरीही करता येते.

मी जर्मनी धरली आहे. एका इस्पितळाने मुलाखतीत घेतलंय, भाषेची परीक्षा पास झाले तर जूनपासून जागा आहे. लग्नाचं नंतर बघू.

राग असला तरी लोभ थोडा बाजूला काढून ठेवावा.

आपली,
संगीता


तांडा, फुलसावंगी शिवार, २१ नोव्हेंबर २०२४

चि. संगीतास गुलाबसिंगचे अ. उ. आ.

पत्र भेटलं. पोस्टमन म्हणे, काका, आता बँकेचेच कागद येतेत, हे कोणाचं? म्या म्हटलं, घरचं भांडण आहे, रजिस्टर केलं नाही येवढंच.

तिन्ही रस्ते वाचले. मले आखाताचा बरा वाटते. करार सरला की पोरगी घरी. तुले तो काहून नको, ते लिहिलं नाहीस. जर्मनीले गेलेला माणूस इकडचा राहत नाही. आन् बिनलग्नाची पोरगी समुद्रापार धाडली तर लोकं मले विचारतीन, तुले नाही. आधी लग्न, मग जर्मनी. नाही तर आखात.

एक गंमत झाली. बाजारात म्या सहज बोललो की आमच्या पोरीच्या मागं नवराही जाऊ शकते. तवापासून निरोपावर निरोप येऊन राह्यले. काल-परवापर्यंत हेच लोकं म्हणत, पोरगी काळी आहे, रातपाळी करते. दिग्रसकडचे पूनमसिंग पंचवीस जानेवारीले येतेत. त्यायचा इंद्रजीत पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. सुट्टी काढून ठेव.

कापूस फुटला आहे, वेचाले माणसं भेटून नाही राह्यले. तुझ्या याडीचा गुडघा दुखते, पण ते सांगत नाही.

माया आहे तेवढी आहे, ऐकशील तर वाढवीन.

तुझा बापू


नागपूर, ५ डिसेंबर २०२४

ती. बापूंस शि. सा. न. वि. वि.

आखात का नको ते सांगते. माझ्यासोबतची एक नर्स, जमनी, तिकडून परत आली. करार संपला, आणि इथे पुन्हा सगळ्यात खालच्या पगारावर रात्रपाळी करते. मला असं जाऊन असं यायचं नाही.

पूनमसिंगकाकांनी दिलेल्या दिवशीच माझी परीक्षा आहे. तारीख पुढे ढकला. पाहायला मी येईन, हो म्हणेनच असं नाही.

तुम्ही नको म्हटलं तर जाणार नाही, असं लिहायला बसले होते. पण ते खोटं होईल. मी जाईन. फक्त बापाचं नको पाठीवर घेऊन गेले तर तिथे माझ्या हातून नीट काम होणार नाही, एवढं मला कळतं. मला तुमचा हो हवा आहे.

याडीला मालिश करायला सांगा. कळावे, लोभ आहे असं धरून चालते.

संगीता


तांडा, २८ जानेवारी २०२५

चि. संगीतास अ. उ. आ.

तू परीक्षेले बसली होतीस, तवा पूनमसिंग येऊन गेले. म्या दुसरी तारीख मागतली होती. ते म्हणे, पोरगी नसली तरी चालते, आमी येतो. मले तवाच कळाले पाह्यजे होतं.

चहा झाला. याडीनं तुझा फोटो पुढं केला. पोरानं पाह्यल्यासारखं केलं आन् गादीवर ठेवून देला. मंग विचारते की व्हिसा कोणता, नवऱ्याचा किती दिवसांत होते, तिकडं गेल्याबरोबर नोकरी करता येते काय. अखेरीले विचारते, पुढं पटलं नाही तर नवऱ्याचा व्हिसा राहते की जाते. तुझी याडी उठून आत गेली.

तू रागीट आहेस की गरीब, तुले काय आवडते, एकानंही नाही विचारलं. अवं, बैल घेतानी माणूस त्याचे दात पाह्यते, खोड विचारते. म्या त्यायले सांगतलं, तिकीट पाह्यजे असन तर एसटीच्या खिडकीवर भेटते, इथं पोरगी राह्यते. राम राम करून वाटंले लावले.

लग्नाचं आता म्या काढत नाही. पण हो म्हटलं असं समजू नको. विचार करून राह्यलो. जर्मनी लय दूर आहे, पोरी.

माया कमी केली नाही.

बापू


नागपूर, १२ मे २०२५

ती. बापूंस शि. सा. न. वि. वि.

पास झाले ते तुम्हाला याडीकडून कळलंच. काल व्हिसाही आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे, त्याआधी तांड्यावर येते.

तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही.

याडीने वेगळंच काढलंय. म्हणते, पोरगी घर सोडून जाते म्हणजे ढावलो गाऊनच गेलं पाहिजे, नवऱ्या मुली गातात तसं, एकेकाच्या गळ्यात पडून. लहानपणापासून मी आश्रमशाळेत, मला कुठला येतोय? रोज संध्याकाळी फोनवर शिकवते. एक कडवं जमलं, पुढचं यायच्या आत तीच फोन ठेवते. ढावलो बापाच्या गळ्यात पडून गायचा असतो म्हणे. तुम्ही तर फोनवरही येत नाही. मग मी कोणाच्या गळ्यात पडू?

लोभ तुमच्याकडेच ठेवलाय, द्याल तेव्हा घेईन.

संगीता


तांडा, २० मे २०२५

चि. संगीतास अ. उ. आ.

ढावलो शिकू नको. तुझ्या याडीलेही सांगतलं. आधी रडली, मंग मानली.

ढावलो दिलेल्या पोरीचा असते. म्या तुले कोणाले देली नाही. तू कामाले जाऊन राह्यली. माह्या आज्याच्या वक्ती तांड्यातले माणसं बैलायवर मीठ लादून लदेणीले जात. महिने महिने त्यायचा पत्ता नसे. त्यायच्यासाठी कोणी ढावलो गायला नाही. घरचे भाकरी बांधून देत, आन् माणूस निघाला की मागून हाक मारत नसत. लदेणीले गेलेला माणूस कितीही दूर गेला तरी घरचाच राह्यते. आजवर पोरीले कोणी लदेणीले धाडलं नव्हतं, म्हणून मले समजाले येवढा वेळ लागला.

हो पाह्यजे होता ना तुले? हो.

लोकायनं विचारलं तर म्या सांगीन, लदेणीले गेली.

याडी तिळाची चटणी करून राह्यली, बॅगमंधी जागा ठेव. म्या महागावच्या स्टँडवर येईन. गाडी सुटली की हाक मारणार नाही, मारावी वाटली तरी. तूबी मागं पाहू नको.

माया चटणीसंगंच बांधून देली आहे, तिचं वजन लागत नाही.

तुझा बापू,
गुलाबसिंग