परांचीवरची बाई

३ फेब्रुवारी, मातर

मी बांधत असलेल्या शाळेच्या परांचीवर आज मला मीच भेटले. माझा टाकून दिलेला पिवळा शर्ट, काथ्याचे कुरळे केस, तारेचा गोल चष्मा, बगलेत नकाशाची गुंडाळी. आत पेंढा. दृष्ट लागू नये म्हणून बांधकामावर बुजगावणं टांगतात, आम्हा सिंहली लोकांना त्यात नवं नाही. पण ते मिशीवाल्या पुरुषाचं असतं.

मुख्य गवंडी विमलदास, इकडच्या बोलीत ‘बास’, पान चघळत म्हणाला, “बघणाऱ्याची नजर तिथंच अडकायला हवी, मॅडम. पुरुषाकडे कोण बघतो? परांचीवर बाई दिसली की बसवालासुद्धा वेग कमी करतो.”

बाबा पिरिवेनात, म्हणजे विहाराच्या पाठशाळेत, संस्कृत शिकवायचे, थोडं न्यायशास्त्र मीही घोकलंय. बासच्या युक्तिवादात हेत्वाभास सापडला नाही.

५ फेब्रुवारी

एस्टोनियातल्या टॅलिनच्या वाचनालयाची वास्तुकार म्हणून शेवटच्या दोघांत मी आहे. निवडसमिती शुक्रवारी शाळा बघायला येणार. जमलं, तर परदेशातल्या पाटीवर पहिल्यांदा माझं एकटीचं नाव. मस्कतला मला सेक्रेटरी समजले, सिंगापूरला ठेकेदाराची बायको. रॉटरडॅमला तर मीच बांधलेल्या इमारतीच्या उद्घाटनाला एका गृहस्थाने आपला कोट माझ्या हातात दिला. सांभाळला. उबदार होता.

बासला सांगितलं, पाहुण्यांपुढे ते ध्यान नको.

“छप्पर चढेपर्यंत उतरवत नाहीत.”

“शुक्रवारी सकाळी उतरवा.”

“मग जाळावं लागेल.”

“जाळा.”

“तुमची मर्जी, मॅडम. शर्ट तुमचाच आहे.”

६ फेब्रुवारी, कोलंबो

केस कापले. साडीला इस्त्री. जगन्मान्य दिसायला दिवस गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, मातर

सकाळीच जाळलं. नारळाच्या दुधातला किरिबत भात, केळी, शहाळी मांडून दिवसभर वाट पाहिली. कुणी आलं नाही. फोनही नाही. बास चौथ्यांदा किरिबत घेत म्हणाला, “मी काही बोलत नाही.”

१४ फेब्रुवारी

टॅलिन गप्प. बासही गप्प, पण त्याचं ऐकू येतं.

२० फेब्रुवारी

काम मिळालं! अध्यक्ष रेबानेसाहेबांचा स्वतः फोन. समिती आदल्या दिवशी, गुरुवारीच येऊन गेली होती, न कळवता. माणूस बेसावध असताना कसा असतो ते बघायला.

“रस्त्यावरूनच ओळखलं तुम्हाला. सगळे जेवायला गेलेले, तुम्ही मात्र भर उन्हात परांचीवर, नकाशा घेऊन. जराही हालचाल नाही. अशी एकाग्रता! व्यत्यय नको म्हणून तसेच परतलो. आम्हाला हीच बाई हवी.”

आभार मानले. दुसरं काय म्हणणार?

बासला विचारलं, तिचं काही उरलंय?

“चष्म्याची तार. ठेवलीय, मॅडम. तिकडे पेंढा मिळतो ना?”