पेपर वाचल्याचं प्रमाणपत्र

७ फेब्रुवारी
उद्यापासून तीन दिवस कॉन्फरन्स. प्राचार्यांनी निक्षून सांगितलं, पेपर वाचल्याचं प्रमाणपत्र आणलंत तर काँट्रॅक्ट वाढेल, नाहीतर महिनाअखेर कॉलेजचं क्वार्टर सोडा. बायकोचं तोंड उतरलं. मी म्हटलं, नुसतं प्रमाणपत्र कशाला, नवी नोकरीच घेऊन येतो. संकल्प : रोज पाच मोठ्या माणसांशी ओळख. शंभर व्हिजिटिंग कार्डं छापलीत.

८ फेब्रुवारी, सकाळी
कार्डं घरीच राहिली. बरंच झालं. कार्डं वाटणारा माणूस गरजू दिसतो.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी
आमच्या विषयातले बडे प्रोफेसर आलेत. त्यांच्या विभागात जागा आहे. जेवणाच्या रांगेत बरोब्बर त्यांच्या मागे घुसलो. त्यांनी वळून विचारलं, चमचे कुठे आहेत. धावत जाऊन एक आणून दिला. ओळख झाली. एकच, पण पाचांना भारी.

९ फेब्रुवारी, ११.४०
माझा पेपर साडेबाराला, हॉल क्रमांक तीन. आधी चौघं आहेत. त्यांचं ऐकत बसायला मी काय रिकामटेकडा आहे? प्रोफेसर चहाला खाली येणारच. लिफ्टसमोर उभा आहे.

१२.१०
अजून पत्ता नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. पाय दुखतायत, पण हटणार नाही.

१.०५
साडेबाराला वर गेलो तर शिपाई प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता. चौघांपैकी तिघं फिरकलेच नाहीत म्हणे. बाराच्या आत माझं नाव पुकारलं, दोनदा. सत्राचे अध्यक्ष ऐनवेळी बदलले होते. कोण, विचारलं. बडे प्रोफेसर. सकाळपासून तिथेच बसले होते. दहा मिनिटं माझी वाट पाहिली आणि जिन्याने जेवायला गेले.
हरकत नाही. निदान माझं नाव त्यांच्या लक्षात राहील.

१० फेब्रुवारी
काउंटरवरच्या बाईंनी यादी दाखवली. माझ्या नावापुढे प्रोफेसरांच्या अक्षरात 'अनुपस्थित'. हातापाया पडलो. लाज वाटली, तरी पडलो. साधं हजेरीचं प्रमाणपत्र चालेल का, म्हणाल्या. घेतलं.
बायकोचा फोन आला. पेपर कसा झाला? छान, म्हटलं, हॉल गच्च भरला होता. ती रडायलाच लागली. चार दिवस मला न सांगता सामान बांधत होती. आता खोकी सोडतेय म्हणाली. मग मुलीने फोन घेतला. तिची सगळी पुस्तकं फळीवर परत लावून झालीसुद्धा.