खालचा कप्पा

औरंगाबाद, ९ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप आईस, त्रिंबकचा पायांवर माथा.

मी खुशाल आहे, जेवणही बरं मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

ग्रंथपालांच्या वर्गाची परीक्षा काल झाली. पास झालो तरच गावच्या वाचनालयात कायम होईन.

पुस्तकं त्यांच्यावरच्या आकड्यांच्या क्रमानं कपाटात लावायची होती. पोथ्या सगळ्यात खाली आल्या. मी त्या उचलून वर ठेवल्या. वर्ग हसला.

"त्रिंबकराव, क्रम मोडलात!" सर म्हणाले.

"व्हय सर. पण पोथीला पाय लागंल."

सर म्हणाले, "मग खालचा कप्पाच रिकामा ठेवा. क्रमही राहील." साऱ्यांनाच त्यांनी तसं लावायला सांगितलं.

निकाल सोमवारी आहे. पुस्तकाला पाय लागला की तू नमस्कार करायला लावायचीस. काल तेवढंच आठवलं.

तुझा त्रिंबक